‘येते’ या शब्दाचं वजन

॥ श्री ॥
महाड, ता. १० मे १९३१

ती. दादास चारूचा सा. न. वि. वि.

आपल्या कादंबरीचं सातवं प्रकरण पाठवते आहे. वाचायच्या आधी घोटभर पाणी पिऊन घे, कारण तुझ्या यंत्राचे मी यात फार हाल केले आहेत. तुझं तेजोयान दीप्तिलोकावर सुखरूप उतरलं. पण खाली पाऊल ठेवताच किरणमालेचे वडील म्हणाले, "हुश्श, पोचलो एकदाचे!" आणि ते तीन शब्द तीन खडे होऊन त्यांच्याच पायावर आदळले. दीप्तिलोकात शब्दाला वजन असतं, दादा. आपण नुसतं म्हणतो की अमक्याच्या शब्दाला वजन आहे, तिथे ते तराजूत घालून बघता येतं. मायेच्या शब्दाचा खडा बारीक, रागाचा मोठा, आणि खोट्या शब्दाचा तर धोंडाच. असल्या मुलखातून यान वर कसं उचलायचं ते तुझं तू बघ. यंत्र तुझं आणि जादू माझी, असंच ठरलंय आपलं. एकाने पेच टाकायचा, दुसऱ्याने सोडवायचा, आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याने खोडायचं नाही, हेही ठरलंय. मागून कुरकुर नको.

‘नवकौतुक’ मासिकाच्या संपादकांचं पुण्याहून पत्र आलं. मायना काय, तर ‘सौ. गंगाचारुबाई यांस’! गंगाधर आणि चारू यांची गाठ मारून टोपणनाव घेतलं, त्याचं हे फळ. यांनी ते पत्र वकील मंडळींत वाचून दाखवलं आणि सगळे पोट धरधरून हसले. पोलादपूरचे मिशाळ हेडमास्तर गंगाचारुबाई झाले म्हणून.

आवडीला मागचं प्रकरण वाचून दाखवलंस ना? तिचा शेरा आल्याशिवाय मला प्रकरण छापलं गेलंसं वाटतच नाही. वहिनी गेल्या तेव्हा पाळण्यात होती, आणि आता आमची प्रकरणं पास-नापास करते. तिला माझा गोड पापा.

तुझी,
चारू

॥ श्री ॥
पोलादपूर, ता. २१ मे १९३१

चि. सौ. चारूस अनेक आशीर्वाद.

प्रकरण पोचलं. शब्दांचे खडे पाडणारा मुलूख काढलास, आता मला पदार्थविज्ञानाचं पुस्तक मिटून ठेवावं लागणार. काकूंच्या स्वयंपाकघरात तू बसल्या बसल्या अशाच थापा मारायचीस आणि त्या ऐकत मी भात करपवायचो. तेव्हापासून तुझ्या जादूची भरपाई मीच करतो आहे.

आता आमच्या आठ वर्षांच्या संपादिकेचा शेरा. पाचव्या प्रकरणात किरणमाला यानात चढताना पृथ्वीकडे बघून म्हणते, "जाते मी." छापील अंक आल्यावर ते वाचलं मात्र, आवडी पाटावरून ताडकन उठली. "जाते नाय म्हणायचं! येते म्हणायचं. आत्याला येवडं पन म्हाईत नाय?" हे सगळं येसूबाईचं शिक्षण. पोरीला तिनेच वाढवलं, तेव्हा शाळेत माझ्यासमोर ‘नाही’ आणि घरात ‘नाय’ असा आमचा कारभार आहे. येसूबाई चुलीपुढून म्हणाली, "बरोबर बोलतीय ती. जाते म्हणून उंबरा वलांडू नये, गुरुजी." दोघींपुढे माझं काय चालणार? पुढे कादंबरीचं पुस्तक होईल तेव्हा तिथे ‘येते’ करायचं, असं मी माझ्या प्रतीत खोडून ठेवलं. नियम मोडला, पण वरून हुकूम होता.

मग रात्री सातवं प्रकरण ऐकून तिने विचारलं, सगळ्या शब्दांना वजन, तर ‘येते’ला किती? मी म्हटलं, तोलून बघावं लागेल. ती म्हणाली, "त्याला वजनच नाय, अण्णा. तो खाली पडतच नाय. बोलणाऱ्याच्या हातात परत येतो." हे मला सुचलं नसतं आणि तुलाही नाही. कुठेतरी वापरू.

कमलाकररावांस नमस्कार. मिशा शाबूत आहेत म्हणून सांग.

तुझा,
दादा

॥ श्री ॥
महाड, ता. २८ जून १९३१

ती. दादास सा. न.

एक गोष्ट तुला सांगायची की नाही, यात मी आठ दिवस घालवले. सासूबाई म्हणतात इतक्यात कुणाला सांगू नये. पण तू कुणी नव्हेस. दादा, मला दिवस गेले आहेत.

मी हुरळून जात नाही. मागे दोनदा काय झालं ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्या वेळी तर टोपडंसुद्धा शिवून झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे की जड उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, आणि मनाला कसलाही धक्का लागू द्यायचा नाही. ही तिसरी अट यांनी फारच मनावर घेतली आहे. वर्तमानपत्र आधी स्वतः वाचतात आणि मग मला देतात. काल त्यात एक भोक होतं, कात्रीने कापलेलं! मी विचारलं, इथे कोण मेलं? तर म्हणाले, जाहिरात होती.

तेव्हा आता पडल्या पडल्या लिहिणं एवढंच माझं काम. तू आठवं प्रकरण लवकर धाड. तुझी पत्रं आली की माझा दिवस बरा जातो, न आली की मी उगाच नाही नाही ते योजत बसते. आवडीला म्हणावं, आत्याकडे भावंड येणार आहे, त्याला पाढे शिकवायला तू लाग.

तुझी,
चारू

॥ श्री ॥
पोलादपूर, ता. २४ ऑगस्ट १९३१

रा. रा. कमलाकरराव यांस सा. न. वि. वि.

हे पत्र कोर्टाच्या पत्त्यावर मुद्दाम धाडतो आहे. आवडीला बारीक ताप आहे एवढंच चारूला लिहिलं होतं. ताप बारीक नाही. इथले वैद्य विषमज्वर म्हणतात आणि त्यांनी हात टेकले. उद्या पावसाने उघडीप दिली की तिला महिपतच्या गाडीत घालून तुमच्याकडच्या डॉक्टरांकडे आणतो. त्यांच्या पडवीत राहायची सोय होईल का ते बघावं.

चारूला यातलं काही कळू देऊ नये. तिचं कसं नाजूक आहे ते मी जाणतो. पोर बरी झाली की मीच तिला आत्याच्या दारात उभी करीन आणि दोघींची गंमत बघत बसेन.

आपला,
गंगाधर

महाड, ता. २ सप्टेंबर १९३१

रा. रा. गंगाधरपंत यांस,

परवा सावित्रीच्या काठावरून तुम्ही तसेच गाडीत बसून गेलात. घरी चला, असं तुम्हाला मी म्हणू शकलो नाही, याची लाज वाटते. आवडीला मी खांद्यावरून नेलं. मला मूल नाही, म्हणून मला काही कळलं नसेल असं समजू नका.

आता जे मागतो आहे ते मागायला जीभ रेटत नाही. चारूला हे बाळंतपण होऊन ती हिंडूफिरू लागेपर्यंत कळता कामा नये. डॉक्टरीणबाई तसं स्पष्ट म्हणाल्या, आणि आईचंही तेच म्हणणं आहे. पण तुमची पत्रं थांबली तर ती एका आठवड्यात ओळखेल. तेव्हा पत्रं लिहीत जा. पूर्वी लिहीत होता तशी. कादंबरीही चालू ठेवा. तुम्हाला हे कसं जमावं ते मला सांगता येत नाही. मी रोज तिच्यासमोर बसून हसतो आहे, तेवढंच सांगू शकतो.

आपला,
कमलाकर

॥ श्री ॥
महाड, ता. ९ सप्टेंबर १९३१

ती. दादास सा. न.

काय रे, इतके दिवस पत्र नाही? आवडीचा ताप उतरला ना? पोरं चिंब भिजतात आणि मग आपल्याला घोर. तिला म्हणावं, आत्या अंथरुणात आणि भाचीही अंथरुणात, शोभतं का?

नववं प्रकरण सोबत आहे. हे मी एका बैठकीत लिहिलं, गेल्या महिन्याच्या अखेरीस, दिवसभर. किरणमाला शब्दांच्या खड्यांचा डोंगर चढून जाते आणि माथ्यावर तिला एक गाव सापडतं, जिथे कुणीच बोलत नाही, सगळे नुसते गातात. गाण्याला वजन नसतं! लिहिताना मला सारखं वाटत होतं की आवडी खिडकीतून डोकावते आहे. इतकं की एकदा मी हाकसुद्धा मारली.

त्याच दिवशी एक गंमत झाली. हे संध्याकाळी आले ते परसातून थेट विहिरीवर, आणि डोक्यावरून आंघोळ करूनच घरात. म्हणाले, चिखलात घसरलो. सासूबाईंनी कोरडं धोतर आधीच काढून ठेवलेलं! मी म्हटलं, आज घसरायचं सकाळीच ठरलं होतं वाटतं? तर कुणी हसलं नाही. वकिलांच्या घरात थट्टेलाही पुरावा लागतो.

लवकर लिही.

तुझी,
चारू

पोलादपूर, ता. २२ सप्टेंबर १९३१

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नको. शाळा तपासायला साहेब आले होते.

आवडीला आता ताप नाही. औषध बंद केलं. नवव्या प्रकरणावर तिने एकही हरकत काढली नाही. गाणाऱ्या गावाचं मी मोठ्याने वाचलं तेव्हा येसूबाईने पदर डोळ्यांना लावला. तुझं लिहिणं तिला समजतं, असं दिसतं. पूर्वीसारखी आवडी माझ्या मागे लागत नाही. घरात सापडत नाही ती. तिचं मन तुझ्याच गावात राहिलं आहे.

तू प्रकृतीला जप. मला दुसरं काही नको.

दहावं प्रकरण चारआठ दिवसांत धाडतो.

दादा

॥ श्री ॥
महाड, ता. १५ ऑक्टोबर १९३१

ती. दादास सा. न.

दहावं प्रकरण वाचलं. स्पष्ट लिहू का? तू आजारी आहेस, की कादंबरीला कंटाळला आहेस? अख्ख्या प्रकरणात काहीही घडत नाही! किरणमाला उठते, पेज पिते, अंगणात बसते. वडील तिचे केस विंचरतात. चार पानं केस विंचरणं, दादा! मधला भांग, मग दोन वेण्या, मग रिबीन, मग एक बट सुटली म्हणून पुन्हा सगळं पहिल्यापासून. शेवटी ती झोपते आणि वडील तिच्या श्वासाकडे बघत बसतात. यंत्राचं एक चाक फिरत नाही. पेच कुठे आहे? संपादकांनी मला विचारलं की, ‘बाई, आपल्याकडे कुणी आजारी आहे का?’

बरं, ते सोड. मी दिवाळीला पोलादपूरला येणार. डॉक्टरीणबाईंना मी पटवलं, डोलीतून गेलं तर चालेल असं त्या म्हणाल्या. हे मात्र नाही म्हणतात, आणि का ते सांगत नाहीत. पण मी कधी नव्हे ती इथवर आले आहे, तर माहेरी माझं डोहाळजेवण नको का व्हायला? आई-वडील नाहीत, काकाकाकू गेले, माहेर म्हणजे तूच. येसूबाईच्या हातचे पातोळे खाईन, आवडीला कुशीत घेऊन पडेन आणि बाळ आतून लाथ मारतं ते तिला हात लावून बघू देईन. किती महिने झाले तिला बघून. एवढं झालं की मी तुझ्या केस विंचरण्यालाही नावं ठेवणार नाही.

तुझी,
चारू

पोलादपूर, ता. २० ऑक्टोबर १९३१

चि. सौ. चारूस आशीर्वाद.

येऊ नकोस.

घराची कौलं पावसात फुटली आहेत आणि माजघर गळतं आहे. येसूबाई आपल्या गावी कापड्याला गेली, ती परत यायचं म्हणत नाही. तुझं करायला इथे बाईमाणूस नाही. कमलाकरराव म्हणतात ते ऐक. बाळंतपण झालं की हवे तितके दिवस राहा.

प्रकरणाबद्दल लिहिलंस ते बरोबर आहे. मला दुसरं सुचलं नाही.

दादा

॥ श्री ॥
महाड, ता. १४ नोव्हेंबर १९३१

ती. दादास सा. न.

भाऊबीज झाली. तू आला नाहीस, पत्र नाही, आवडीच्या अक्षरातली दोन ओळींची चिठीसुद्धा नाही. मी चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. सासूबाई माझ्याकडे बघून रडल्या आणि त्याचाच मला जास्त राग आला. त्यांना माझी कीव यावी असं तू केलंस.

फुटक्या कौलांचं सांगू नको. आपण गळक्या घरातच लहानाचे मोठे झालो. तुला मी नकोशी झाले आहे. मूल होणार म्हटल्यावर आवडीवरची माझी माया आटेल असं वाटतं का तुला? तसं असेल तर तू मला ओळखलंच नाहीस.

अकरावं प्रकरण पाठवते. रागात लिहिलं आहे, ते दिसेलच. यान उडत नाही. सगळे खडे बाहेर फेकले तरी उडत नाही, कारण आतल्या कुणीतरी खोटा शब्द दडवला आहे आणि तो काही केल्या सापडत नाही. शेवटी किरणमाला कुणाला न विचारता खाली उतरते, आणि यान वर चढतं. ती तिथेच राहते. घे, तुझ्या प्रकरणात नव्हता तो पेच हा. आता सोडव. निघताना तिचा नि वडिलांचा निरोप होतो, तिथे मी एक ओळ कोरी ठेवली आहे. ती आवडीने भरायची. निरोपात काय म्हणायचं ते तिला माझ्यापेक्षा बरं कळतं.

चारू

॥ श्री ॥
महाड, ता. २० फेब्रुवारी १९३२

ती. दादास सा. न. वि. वि.

मुलगी झाली, हे यांनी तुला कळवलंच आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. दादा, ती रडली! मी डोळे मिटून पडले होते, मागच्या दोन्ही वेळी तसा आवाजच आला नव्हता, आणि ही अशी टाहो फोडून रडली की मी हसत सुटले. काळीसावळी आहे आणि नाक थेट तुझं. मिशा तेवढ्या नाहीत.

मांडीवर हे एवढं गाठोडं घेऊन बसलं की राग कुठे टिकतो? दिवाळीचं पत्र फाडून टाक. मी फार वेडंवाकडं लिहिलं. तुझं काय चुकलं ते अजून मला कळलेलं नाही, पण सोडून दिलं.

मी आता हिंडते-फिरते. तर माझं एक ऐक. महिपतची गाडी करून आवडीला आठ दिवस इकडे पाठव. तिच्यासाठी खणाचं परकर-पोलकं शिवून घेतलं आहे, वाढत्या अंगाचं, कारण आता उंच झाली असेल. मी रोज बाळाच्या कानात सांगते, ताई येणार आहे हं, जाते नाय म्हणायचं, येते म्हणायचं, असं शिकवणारी.

अकरावं प्रकरण छापून आलं, निरोपाची ओळ मात्र कोरीच. तुझं बारावं नाही म्हणून अंकात कादंबरी थांबली आहे. किरणमालेला आणा, अशी वाचकांची पत्रं येतात. तिला तिथे किती दिवस ठेवणार आहेस?

तुझी,
चारू

पोलादपूर, ता. २७ फेब्रुवारी १९३२

चारू,

पत्राच्या माथ्यावर श्री नाही, मागच्या पत्रांवरही नव्हता, आता तू ओळखशील. बाळ मांडीवर असेल तर आधी खाली ठेव.

आवडी नाही. गेल्या ऑगस्टच्या अखेरीस गेली. विषमज्वराने. मी तिला महाडला आणलं होतं. डॉक्टरांच्या पडवीत तीन रात्री होतो आम्ही, वीरेश्वराच्या देवळापाशी. तुझ्या घरापासून दोन आळ्यांवर.

वाटेत गाडीत डोळे उघडून तिने विचारलं, "आत्याकडं ना?" मी हो म्हटलं. पडवीत शुद्धीवर आली की विचारायची, आत्याचं घर कुठलं. मी देवळामागचं तुझं कौल बोटाने दाखवलं. म्हणाली, "मग चला ना." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग विचारेनाशी झाली.

तुला बोलावलं नाही. तुझं तिसरंही गेलं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं? कमलाकररावांना दोष देऊ नको. त्यांनी तिला खांद्यावर नेलं. ती विहिरीवरची आंघोळ त्याचीच. तुझ्या पत्रात ते वाचलं तेव्हा मी शाळेत होतो. फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, मुलांना वाटलं गणित घालतो आहे.

मी तुला एकही खोटं वाक्य लिहिलं नाही. ताप नाही म्हटलं, खरंच नव्हता. घरात सापडत नाही म्हटलं, तेही खरं. तुझ्या मुलखातला खोटा शब्द सर्वांत जड, म्हणून खरे खरे शब्द निवडून घेत होतो. पण सगळं पत्रच खोटं होतं, चारू. तो धोंडा सहा महिने माझ्या छातीवर आहे. केस विंचरायची चार पानं तेवढी खरी होती. कादंबरीत मला तेवढं करता येत होतं, म्हणून केलं. तेव्हा तू रागावलीस, तर मला बरं वाटलं. कुणीतरी तिच्याबद्दल जिवंत असल्यासारखं भांडत होतं.

किरणमालेला मागे ठेवलंस त्या प्रकरणात निरोपाची कोरी ओळ तू आवडीसाठी सोडलीस. इथून निघाली तेव्हा येसूबाई गाडीपाशी उभी होती. "बाय, येते म्हण गो," म्हणत होती. पोर ग्लानीत होती, बोलली नाही. येसूबाई अजून तेच धरून आहे. "पोर येते म्हनली नाय, गुरुजी, म्हणून आली नाय." तिला हे घर सहन होईना, म्हणून गेली. ती ओळ मी कशी भरू? तिने म्हटलंच नाही.

परकर-पोलकं कुणाला तरी देऊन टाक.

दादा

महाड, ता. ११ मार्च १९३२

दादा,

आठ दिवस मी यांच्याशी बोलले नाही. सासूबाईंशीही नाही. घरात फक्त बाळ रडत होतं.

तुम्ही सगळ्यांनी मिळून मला वाचवलंत आणि एकानेही मला विचारलं नाही. दोन आळ्या! ती माझ्या कौलाकडे बघत होती आणि मी इथे पडून डोंगर नि गाणारं गाव लिहीत होते. मी खिडकीतून हाकसुद्धा मारली होती, तुला लिहिलं होतं. मला उचलून नेलं असतं तरी चाललं असतं. तिचा हात हातात घेतला असता आणि मग जे व्हायचं ते झालं असतं. असं मी पाच दिवस म्हणत होते. सहाव्या दिवशी बाळ माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसलं आणि ते वाक्य मला पुढे म्हणता येईना. म्हणून मला तुमच्यावर धड रागावताही येत नाही. हे तुम्ही फार वाईट केलंत.

काल यांना घेऊन सावित्रीवर गेले. यांनी जागा दाखवली. परत येताना डॉक्टरांच्या पडवीत बसले आणि तिथून आपलं कौल बघितलं. दिसतं, दादा. स्पष्ट दिसतं.

आणि मी काय केलं! तू तिला चार पानं जपून ठेवलीस, आणि मी तिला परक्या मुलखात एकटी सोडून यान उडवलं. छापून गेलं, आता खोडता येत नाही. कित्येक दिवस मला वाटत होतं की आपण तिला परत आणावं. एक नवं यान पाठवावं, वाचक टाळ्या पिटतील. पण ते खोटं होईल, आणि आपल्याकडे आता आणखी धोंडे नकोत.

पण मी ते प्रकरण पुन्हा वाचलं. किरणमाला कुठेही जात नाही. ती राहते. निघतात ते बाकीचे. ‘येते’ म्हणायचं असतं ते निघणाऱ्याने. येसूबाईला कापड्याला निरोप धाड की, पोरीचं काही चुकलं नाही, म्हणायचं आपलं राहिलं आहे.

ती ओळ तुझी आहे, दादा. बारावं प्रकरण लिही. फार लांब नको.

चारू

पोलादपूर, ता. २६ मार्च १९३२

चि. चारूस आशीर्वाद.

बारावं प्रकरण सोबत आहे. तीनच पानं झाली. यान वर चढतं, दार अजून उघडं आहे, किरणमाला खाली लहान लहान होत जाते. खोटा शब्द वडिलांच्याच खिशात सापडतो, तो ते बाहेर टाकतात, पण तोवर उशीर झालेला असतो. मग ते दारातून वाकून तिचा निरोप घेतात. यंत्राचं काही लिहिलं नाही, तू सांभाळून घे.

येसूबाईला तुझा निरोप मी स्वतः जाऊन सांगितला. तिने दोनदा सांगायला लावला. मग पाटीत तांदूळ भरून दिले आणि म्हणाली, "पुढल्या सोमवारी येतंय मी. घर झाडलंय का नाय कुणी?"

तू वाच, आणि योग्य वाटलं तर तसंच पुण्याला धाड.

दादा

॥ श्री ॥
महाड, ता. २ एप्रिल १९३२

ती. दादास चारूचा सा. न. वि. वि.

प्रकरण वाचलं. यांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. मध्येच यांनी चष्मा काढून ठेवला, आणि पुढचं मी एकटीनेच वाचलं.

शेवटची ओळ तू अशी लिहिली आहेस: वडील दारातून वाकून म्हणाले, ‘जातो, बाळ.’

तुझ्या हातून लिहिलं गेलं असेल. तुला ते दिसलंही नसेल. मी पाटावरून उठून उभीच राहिले, आणि तुझा शब्द खोडला. आपला नियम हा दुसऱ्यांदा मोडला, आणि दोन्ही वेळा हुकूम तिचाच. आता ती ओळ अशी आहे: वडील दारातून वाकून म्हणाले, ‘येतो, बाळ.’ आणि तो शब्द खाली पडला नाही. तशीच आज टपालात टाकली. खाली आपल्या दोघांचं जोडनाव असतं, त्याला मी तिसरं, आवडीचं, जोडलं. संपादकांना वाटेल गंगाचारुबाईंना मुलगी झाली.

परकर-पोलकं कुणाला दिलं नाही, देणारही नाही. ते घेऊन, बाळाला घेऊन, परवा सकाळी महिपतच्या गाडीत बसते. कौलं फुटकी असली तर असू देत.

येते.

चारू